रंगवलेल्या माठातलं पाणी

बाई, सादर नमस्कार.

मी एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालो. कराड–चिपळूण लायनीवर बरीच वर्षं काढली. आता गावी असतो. नात पाचवीला आहे, आमच्याकडंच असते. तिचे प्रश्न सकाळी दात घासतानाच सुरू होतात. आजवर मी एकाही प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हटलं नाही, आणि तिथंच घोळ झाला.

माठातलं पाणी गार का होतं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, माती मुळातच थंड असते. पोरीनं काय करावं? आजीनं शोभेला म्हणून ऑइलपेंटनं रंगवलेला एक माठ कोपऱ्यात होता, तो काढून धुतला. दोन्ही माठ सकाळी भरून पडवीत शेजारी शेजारी ठेवले. संध्याकाळी मला दोन्हीतलं पाणी प्यायला दिलं. रंगवलेल्या माठातलं कोमट! “आजोबा, दोन्ही मातीचेच आहेत की. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणा ना.” सून हसली, बायको तर पदर तोंडाला लावून आत गेली.

मग तिनं माझी जुनी उत्तरं उकरून काढली. हिवाळ्यात विहिरीचं पाणी गरम लागतं, ते जमिनीच्या पोटात आग असते म्हणून. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, ते साबणात रंग असतो म्हणून. पवनचक्क्या ढग पळवतात, हे तर मी अजून मानतो. गावात सगळेच मानायचे, आम्ही निवेदनसुद्धा दिलं होतं. कोयनेचा भूकंप धरणामुळं झाला, असंही तिला सांगितलंय. सदुसष्टला मी आठ वर्षांचा होतो, थोरली माणसं तसं म्हणायची. त्या रात्री आमचा मोत्या भूकंपाच्या आधी भुंकला होता, हेही सांगितलंय. यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, आता मलाच कळेना.

चार दिवस झाले, ती काही विचारत नाही, मीही गप्प आहे. मुलगा म्हणतो, मोबाइलवर बघून सांगत जा. तुम्ही सगळी खरी उत्तरं कळवा, म्हणजे तिला एकदा ठणकावून सांगतो.

— एक आजोबा, ता. खटाव, जि. सातारा

दादा, नमस्कार.

ठणकावून सांगायचं तेवढं रहित करा. बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

आधी माझी फजिती ऐका, म्हणजे तुम्हाला सोबत होईल. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास, हा प्रयोग मी वर्षानुवर्षं वर्गात केला. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. मी फळ्यावर लिहायची, ‘हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळाला, त्याची जागा पाण्यानं घेतली.’ मुलं उतरवून घ्यायची. एके वर्षी मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “बाई, ऑक्सिजन हळूहळू जळतो, मग पाणी हळूहळू का नाही चढत? ते तर विझल्यावर एकदम चढतंय. आणि आधी कडेनं बुडबुडे बाहेर आले ते कसले?” मी काय केलं असेल? “बस खाली,” म्हणाले.

घरी येऊन ओट्यावर तोच प्रयोग सहा वेळा केला. मुलीचं बरोबर होतं. ज्योतीनं ग्लासातली हवा तापते, फुगते, तिच्यातली थोडी बुडबुड्यांनी बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन थोडा जळतो खरा, पण त्याच्या जागी कार्बन डाय-ऑक्साइड येतो, आणि सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच ज्योत विझते. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, “काल मी चुकले.” माझी किंमत कमी झाली का, ते त्या वर्गाला विचारावं लागेल. प्रश्न मात्र वाढले.

आता तुमचा निकाल. सहा उत्तरांपैकी चार चुकली, एक बरोबर आलं आणि एक अर्धं. नापास म्हणावं इतकं काही वाईट नाही.

माठापासून सुरू करू, कारण तिथं तुमची नात जिंकली आणि का जिंकली हे तिलाही बहुतेक ठाऊक नाही. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेरच्या अंगावर येतं आणि तिथून वाफ होऊन उडतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि तापवायला खाली चूल नसते, म्हणून ती उष्णता माठातल्याच पाण्यातून घेतली जाते. हिशेब करून बघा. माठात १० लिटर पाणी आहे आणि त्यातलं १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला, उडून गेलं. तेवढ्यानं उरलेलं पाणी साधारण ६ अंशांनी गार व्हायला हवं. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सारखी आत येत असते, म्हणून तेवढ्याच गारव्याला पाणी त्याहून जास्त उडावं लागतं. रंगवलेल्या माठाची छिद्रं ऑइलपेंटनं बुजली, पाझर बंद, गारवाही बंद.

आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं असं नाहीच. ट्रकच्या पुढं कॅनव्हासची छागल लटकायची, ती तुम्ही पाहिली असणार. गाडी पळत असली की छागलीतलं पाणी गार, धाब्यावर गाडी लावून झोप काढली की तेवढं गार नाही. वारा लागला की पाणी लवकर उडतं. घाट उतरून चिपळूणला गेलं की दमट हवेत पाणी उडायला तयार नसतं, म्हणून तिकडचा माठ खटावच्या माठाइतकं काम करत नाही. जुलैत तुमचाही करत नाही. नातीला छागलीची गोष्ट सांगा. तिनं छागल पाहिलेली नसणार, तिथं तुम्ही तिच्या पुढं आहात.

विहिरीचं पटकन उरकते. जमिनीच्या पोटात उष्णता आहे, हे तुमचं खरं. पण ती किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते आणि आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी. पन्नास फुटांच्या विहिरीत तिचा वाटा अर्ध्या अंशाचाही नाही. खरी गंमत अशी की त्या खोलीवर पाणी बारा महिने जवळपास सारखंच असतं. बदलते ती वरची हवा, आणि तुमचा हात. जानेवारीच्या पहाटे गारठलेला हात घातला की पाणी ऊन लागतं, मे महिन्यात तापलेला हात घातला की तेच पाणी गार. तीन पातेली घ्या. एकात कोमट, एकात गार, मध्ये साधं पाणी. एक हात कोमटात, दुसरा गारात दोन मिनिटं ठेवा आणि मग दोन्ही मधल्या पातेल्यात घाला. एक हात म्हणेल गार, दुसरा म्हणेल ऊन.

हळदीबद्दल तर तुमच्या घरातल्या बायकांना विचारायला हवं होतं. हळदीतलं पिवळं द्रव्य अल्कलीत, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाच्या पदार्थात, लाल होतं. साबण अल्कलीच, चुनाही अल्कली. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच जोरावर. लाल झालेल्या डागावर लिंबू पिळा, परत पिवळा होईल. डाग घालवायचा असेल तर धुऊन कडक उन्हात टाका. हा रंग उन्हाला टिकत नाही.

आता पवनचक्क्या. निवेदन दिलंत म्हणून मी तुम्हाला हसणार नाही. चाळकेवाडी, वनकुसवडे पठारावर नव्वदीच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या आणि २००२-०३ च्या सुमारास पाऊस रुसला. नवी वस्तू आली आणि लगेच संकट आलं, तर कुणीही दोन्हीची गाठ मारेल. शिवाय पावसाळ्यात ढग त्या पात्यांना चाटून जाताना डोळ्यांनी दिसतात.

पण दादा, बहात्तरच्या दुष्काळात तुमच्याकडं एक तरी पवनचक्की होती का? तुम्ही तेव्हा तेरा वर्षांचे असाल, दुष्काळात खायला वाटायचे ती सुकडीही आठवत असेल. त्याआधी १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ दख्खनभर पडला. तुमच्याच तालुक्यातला नेरचा तलाव इंग्रजी अमदानीतला आहे. पाऊस धो-धो पडत असता तर तो कुणी कशाला बांधला असता? माण-खटावचा पाऊस कमी आहे तो पवनचक्क्यांच्या कितीतरी आधीपासून, आणि त्याचं कारण तुम्ही रोज गाडीनं ओलांडत होता. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला थटते, वर चढते. वर चढताना गार होते आणि तिच्यातलं पाणी तिथंच गळतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथून पूर्वेला, शंभर किलोमीटरच्या आत, दहिवडी-वडूजच्या बाजूला पाचशेच्या आसपास. डोंगर ओलांडलेली हवा खाली उतरताना पुन्हा तापते, आणि तापलेल्या हवेतून पाऊस सहज पडत नाही. म्हणून आपल्या भागाला पर्जन्यछाया म्हणतात. शब्द शाळेतला आहे, पण कुंभार्ली घाट चढून पाटणकडं येताना वायपर बंद करायची जागा ड्रायव्हरला बरोबर माहीत असते. तीच ही छाया.

पात्यांना चाटून जातो तो ढगाचा पायथा. पाऊस देणारा ढग वर कित्येक किलोमीटर उंच असतो. त्या काळची पवनचक्की, मनोरा आणि पातं मिळून, फार तर शंभर मीटरच्या आसपास, बऱ्याचशा त्याहून बुटक्या. सह्याद्रीची हजार मीटरची भिंत ढगाला थोपवून धरते, तिच्या माथ्यावर ही काडी काय करणार?

हे नातीला असं सांगू नका मात्र. कागदाचं भिरभिरं करा, टेबलफॅनसमोर धरा आणि भिरभिऱ्याच्या पुढं-मागं पट्टीला बांधलेला सुती दोरा धरून बघा. मागचा दोरा कमी फडफडतो, थोडा भरकटतोही. पंखा वीज घेऊन वारा देतो, पवनचक्की वारा घेऊन वीज देते. दिसायला सारखी, काम उलटं. म्हणजे पवनचक्कीनं काही केलंच तर ती वारा मंद करते, पळवत नाही. मोठ्या पवनचक्की-प्रकल्पांच्या आसपास जमिनीलगतचं तापमान किंचित बदलतं, असं परदेशात मोजलं गेलंय. तेवढा परिणाम आहे. पण जमिनीलगतचा तो किंचित फरक आणि डोक्यावरचा पावसाचा ढग यांची गाठ पडत नाही.

आणि आता कोयना. इथं तुम्ही बरोबर आहात.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट, चारच्या पुढचे ठोके. ६ च्या वर तीव्रतेचा धक्का, कोयनानगर आडवं झालं, जवळपास १८० माणसं गेली. दख्खनचा कातळ म्हणजे घट्ट, हलत नाही, भूकंप व्हायचे ते हिमालयात, अशी तोवर भल्याभल्यांची समजूत होती. गावातली माणसं मात्र म्हणत होती, धरणात पाणी भरलं तेव्हापासून जमीन गुरगुरते. आणि ते खरंच होतं. १९६१-६२ पासून पाणी साठायला लागलं आणि तेव्हापासून लहान धक्के जाणवत होते. अमेरिकेत हूवर धरणाच्या तलावाभोवती असे धक्के १९३० च्या दशकातच नोंदले गेले होते. पुढं कोयनेभोवती भूकंपमापकं बसली, वर्षानुवर्षांच्या नोंदी तलावाच्या पाण्याच्या पातळीशी ताडून पाहिल्या गेल्या. पावसाळ्यानंतर तलाव भरला की काही आठवड्यांनी धक्क्यांची संख्या वाढते, असा ठसा त्यांत दिसला. जलाशयामुळं सुरू झालेल्या भूकंपांत कोयनेचा तो धक्का आजही जगातला सगळ्यात मोठा मानला जातो.

पाण्याच्या वजनानं जमीन दबली म्हणून असं झालं, एवढंच ऐकलं असेल तर ते अपुरं आहे. हे तुम्हाला कुणा प्राध्यापकापेक्षा लवकर कळेल. कुंभार्ली घाटात दरड कधी कोसळते? मे महिन्यात क्वचित, जुलैत हमखास. दगड तेच, उतार तोच. पाणी फटीत शिरतं, आतून रेटा देतं, दगडाला दगडानं धरून ठेवलेली पकड सैल होते. कोयनेखाली कातळाला जुन्या भेगा आहेत, आणि त्यांवर लाखो वर्षांचा ताण आधीच साठलेला होता. तलावाचं पाणी दाबानं खोल झिरपत गेलं आणि त्या भेगांची पकड ढिली झाली. म्हणजे ताण धरणानं निर्माण केला नाही, साठलेला ताण सुटायला निमित्त दिलं. नातीला सांगताना हा फरक गाळू नका, कारण ती पुढचा प्रश्न नक्की विचारणार, “मग सगळ्याच धरणांत का होत नाही?” उत्तर हेच, सगळ्या धरणांखाली अशा ताणलेल्या भेगा नसतात. हे नीट बघायला कोयनेजवळ ३ किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. वरचा सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ लागला, त्याखाली ग्रॅनाइट. त्या अभ्यासाची सरकारी प्रयोगशाळा कराडला आहे, तुमच्या जुन्या डेपोपासून फार लांब नाही.

तुमचं पत्र वाचताना मी इथंच अडकले. तुमच्या थोरल्यांनी धरणावर संशय घेतला, तुम्ही पवनचक्कीवर घेतला. दोन्ही संशय एकाच जातीचे, नवं काहीतरी आलं आणि आक्रीत झालं. दोन्हींना शिकलेले लोक हसले. एक टिकला, एक टिकला नाही. ऐकताना कुठला टिकणार हे मलाही सांगता आलं नसतं. निवाडा झाला तो नोंदी ताडून, आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते बघून. तुमच्या नातीनं पडवीत दोन माठ मांडून तेच केलं. तिनं तुमचा अपमान केला नाही हो. तुमचं म्हणणं मनावर घेतलं, म्हणून तर तपासलं. न पटणाऱ्या माणसाचं बोलणं पोरं तपासत नाहीत, नुसती ‘हां हां’ म्हणून खेळायला पळतात.

तर आता करायचं काय? उद्या सकाळी तुम्हीच दोन्ही माठ भरा. तिला म्हणा, माझं चुकलं, तुझा माठ बरोबर, आता का ते बघू. मग रंगवलेल्या माठाला ओलं फडकं गुंडाळून ठेवा आणि संध्याकाळी पाणी कसं होईल ते दोघांनी आधीच वहीत लिहा. हे ‘आधी’ महत्त्वाचं. उत्तर कळल्यावर मला हेच वाटलं होतं म्हणणारे आपण सगळेच असतो. (मी तर पहिल्या नंबरची.) संध्याकाळचं पाणी कसं लागलं ते मी इथं सांगणार नाही.

मुलाचा मोबाइलही चालेल, त्याच्याशी वैर नको. मात्र आपला अंदाज लिहून झाल्यावर. आधीच बघितलं तर प्रश्न पाच सेकंदांत मरतो आणि पोरीच्या हाती मोबाइल उरतो. आणि ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही, तिथं सरळ ‘येत नाही’ म्हणा. चाळीस प्रवासी मागं बसलेले असताना पुढचा फरशीपूल पाण्याखाली असला, तर तुम्ही अंदाजानं गाडी घालत होता का? खाली उतरून बघत होताच ना?

राहिला मोत्या. भूकंपात आधी एक वेगवान, हलकी लाट येते, ती बऱ्याच माणसांना जाणवतही नाही. भांडी पाडणारी जोरकस लाट तिच्या मागून हळू येते. कोयनानगरपासून तुमचं गाव साठ-सत्तर किलोमीटर धरलं, तर दोन्हींत आठेक सेकंदांचं अंतर पडतं. कुत्र्याला पहिली लाट कळली आणि तो भुंकला, हे अगदी होऊ शकतं. कुत्र्यांना तासभर किंवा आदल्या दिवशी कळतं, याला मात्र खात्रीचा आधार मिळालेला नाही. मोत्या तासभर आधी भुंकला असेल तर बहुतेक मांजर आलं असेल.

तेव्हा कळीचा प्रश्न इतकाच, भुंकणं आणि भांडी पडणं यात किती वेळ गेला? आठ वर्षांच्या पोराच्या आठवणीवर मी विसंबणार नाही. त्या घरातलं तेव्हा मोठं असलेलं कुणी हयात असेल, थोरली बहीण, चुलती, तर नातीला घेऊन त्यांच्याकडं जा. विचारायचं काम तिला करू द्या. आणि जायच्या आधी तिला बजावा, आठ सेकंदांचं अजिबात बोलायचं नाही. नाहीतर म्हातारी म्हणेल, “व्हय बाई, आठच सेकंद.”